साक्षीदाराच्या घरी पिठलं-भात

साल दोन हजार तेवीस. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो आणि कंपन्यांच्या भांडणात पडायचं माझं वय नव्हतं. पण भांडणच जेवायच्या सुट्टीसकट माझ्याकडे चालत आलं, त्याला मी काय करू?

गिरगावात माझी खानावळ आहे, राहायला लालबागला. शिक्षण चौथी. पाचवीच्या वर्गात मी काही दिवस बसलो होतो, पण मास्तरांना ते मान्य नव्हतं. खानावळीत स्वयंपाक आमच्या हिचा, नाव माझं. मालवणी जेवण. बाहेर पाटी नाही, ज्याला यायचं तो वासावर येतो. आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मी आजवर कोणाची माफी मागितलेली नाही. मागायची वेळच आली नाही. आली होती असं ज्यांना वाटतं त्यांनी आपापल्या घरी वाटून घ्यावं.

तर दादरची एक वकील पोरगी, काळा कोट हातावर टाकून, एका दुपारी जेवायला आली. सोलकढी दोनदा मागून घेतली. हात धुऊन आल्यावर म्हणाली, “आजोबा, फोर्टात रोज जेवण पोहोचवाल का? दोनेक आठवडे?”

“आजोबा कोणाला म्हणतेस? काका म्हण.”

“बरं, काका. पोहोचवाल का?”

“कोणाचं लग्न आहे?”

“लग्न नाही हो. भांडण आहे.”

मग तिने मला भांडण समजावलं. समुद्रात, पार आत, तेलाच्या विहिरी. त्या एका कंपनीच्या ताब्यात. ते तेल वर घेऊन, साफ करून पोटात साठवणारं मोठं जहाज दुसऱ्या कंपनीचं, भाड्याने घेतलेलं. हे जहाज कुठे जात-येत नाही, एका जागी उभं राहून तेल गिळत बसतं. एके दिवशी जहाजावरची यंत्रं बंद पडली आणि महिनोन्‌महिने तेल आलंच नाही. विहीरवाले म्हणतात, तुमचं जहाज नादुरुस्त. जहाजवाले म्हणतात, तुमच्या तेलात वाळूच एवढी की आमच्या यंत्रांनी मान टाकली.

“म्हणजे पातेलेवाला म्हणतो तांदळात खडे, आणि तांदूळवाला म्हणतो पातेलं गळकं,” मी म्हटलं.

“अगदी हेच! आम्ही ह्यावर खोल्या भरून कागद लिहिलेत.”

“मग कशाला लिहिलेत?” मी म्हटलं. त्यावर तिने तिसरी सोलकढी मागवली. पोरगी हुशार होती.

हे कोर्ट नव्हतं, लवाद होता. म्हणजे दोन्ही कंपन्यांनी एकेक निवृत्त न्यायमूर्ती निवडायचे, त्या दोघांनी मिळून तिसरा निवडायचा आणि फोर्टातल्या एका जुन्या इमारतीत भाड्याच्या दालनात, दार लावून भांडायचं. दालनाला लागून जेवणाची खोली. ह्या दोन कंपन्यांचं कशावरच एकमत होत नव्हतं. तारखेवर नाही, खुर्च्यांवर नाही, पंखा किती फिरवायचा ह्यावरसुद्धा नाही. एकाच गोष्टीवर झालं. जेवण माझ्याकडचं.

पुढचं सांगायच्या आधी तुम्हाला एक नियम सांगतो. मला तो नंतर कळला, पण तुम्हाला आत्ताच सांगतो, म्हणजे तुम्ही फसणार नाही. साक्षीदाराची उलटतपासणी एकदा सुरू झाली की ती संपेपर्यंत त्याने केसबद्दल कोणाशी बोलायचं नाही. स्वतःच्या वकिलाशीसुद्धा नाही. कोणी त्याला पढवलं, कानात काही सांगितलं असा संशय जरी आला तरी समोरचा वकील उठून म्हणतो, ह्याची साक्ष फेकून द्या. म्हणून साक्षीदार एकटा बसतो, एकटा जेवतो. पोरगी ज्या जहाजवाल्यांची वकील, त्यांची सगळी केस एका माणसावर उभी होती. जहाजावरचा इंजिनीयर. यंत्रं बंद पडली तेव्हा हाच तिथे उभा होता, वाळू ह्यानेच डोळ्यांनी बघितलेली. त्याची साक्ष टिकली तर कंपनी टिकणार. साक्ष गेली तर कंपनी सगळं त्याच्या डोक्यावर फोडून मोकळी होणार, आणि पुन्हा कुठल्या जहाजावर त्याला कोणी उभं करणार नाही.

हे सगळं तुम्हाला आता ठाऊक आहे. मला नव्हतं.

पहिल्या दिवशी मी टॅक्सीत पातेली घालून फोर्टात पोहोचलो. जेवणाच्या खोलीत एका अंगाला विहीरवाले, दुसऱ्या अंगाला जहाजवाले, मध्ये माझी पातेली. लग्नात वरपक्ष-वधूपक्ष बसतात तसे, फक्त कोणी हसत नव्हतं. एकच माणूस हसत होता. चाळिशीचा, उन्हाने रापलेला, गुळगुळीत दाढी केलेला. हाच तो इंजिनीयर. बांगड्याचा तुकडा तोंडात घातला आणि त्याने डोळेच मिटले.

“काका, कुठले तुम्ही?”

“मालवण. तुम्ही?”

“आम्ही कणकवलीकडचे. पण जन्म परळचा. आई अजून तिथेच चाळीत राहते. हा तिरफळाचा वास... काका, जहाजावर असलं काही मिळत नाही हो. उकडलेली कोबी देतात.”

त्याने चाळ सांगितली, मजला सांगितला, खाली कोणाचं भांड्याचं दुकान आहे तेही सांगितलं. आमच्या घरापासून चालत दहा मिनिटं. आणखी दोन बांगडे खाल्ले. मला माणूस आवडला. जो मागून खातो तो मनाने साफ असतो असं माझं मत आहे.

दुसऱ्या दिवशी बघतो तर काय! तोच माणूस कोपऱ्यातल्या टेबलावर, भिंतीकडे तोंड करून एकटा. दाढी केलेली नाही. पांढरा सदरा. ताटाकडे बघतोय, पण हात हलत नाही. त्याचीच माणसं पाठीमागून जाताना अंग चोरून जातायत. एकाचा चुकून धक्का लागला तर तो असा मागे सरला की जणू इस्त्रीला हात लागला. मी जवळ जाऊन विचारलं, “काय झालं हो?” त्याने हात जोडले आणि मान हलवली. 

मी पोरीला गाठलं. “ह्यांना काय झालंय?”

ती घाईत होती. “काका, त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही. त्यांना हातसुद्धा लावू नका, समोरची माणसं बघतायत.”

“किती दिवस?”

“आठ-दहा दिवस तरी जातील.”

आता मला सांगा. काल हसणारा माणूस आज दाढी न करता, भिंतीकडे तोंड करून बसलाय. शिवायचं नाही, बोलायचं नाही, दहा दिवस. लालबाग-परळमधलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल की हे सुतक आहे. आणि घरात होतं कोण? आई. मी मनातल्या मनात त्या बाईला हात जोडले. मग त्याच्या पुढ्यातलं सुरमईचं ताट उचललं आणि वरण-भात वाढला, बिनफोडणीचा. तोही वरून, पळी ताटाला न लावता. त्याने माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, आईच्या आठवणीचं. आता कळतं, सुरमईचं होतं.

त्याला वाटलं, हाही वकिलांचा नियम असणार. नियम पाळण्यात तो इतका पक्का की केसबद्दल बोलू नका म्हटलं तर ह्याने बोलणंच सोडलेलं. फोनसुद्धा बंद करून ठेवला होता, आणि न्हाव्याशी बोलावं लागेल म्हणून दाढीही राहिली होती.

घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, “अरे देवा! आणि तो कामावर कसा गेला?”

“मोठ्या कंपन्या. त्यांना कुठे माणुसकी असते?”

“आणि परळला घरात कोण आहे आता?”

“कोणास ठाऊक. बायको असेल, बहीण असेल.”

“चूल नसेल पेटली त्यांच्याकडे,” ही म्हणाली आणि गप्प बसली. ही गप्प बसली की काहीतरी शिजतंय असं समजायचं. पण ते मला पुढे कळलं.

तिसऱ्या दिवशी विहीरवाल्यांचे मोठे वकील माझ्यापाशी आले. माटुंग्याचे. आवाज असा की त्यांनी नुसतं मीठ मागितलं तरी समोरच्याला आपण गुन्हा केलाय असं वाटावं. इंजिनीयरची उलटतपासणी हेच घेत होते. म्हणाले, “काय हो, त्या साक्षीदाराला तुम्ही मासे देत नाही. हे काय प्रकरण आहे?”

“साहेब, त्याची आई गेली.”

त्यांचा चेहरा एकदम उतरला. “काय सांगता? मला कोणी बोललं नाही.”

“बोलायचं नाही असा हुकूम आहे.”

त्या दुपारी म्हणे उलटतपासणी एकदम मऊ झाली. पोरीने मला पुढे सांगितलं. मोठे वकील ओरडलेच नाहीत. प्रश्नाआधी “तुम्हाला त्रास होत नसेल तर” असं म्हणत होते. त्यांच्या बाजूची माणसं इंजिनीयर जाताना उठून उभी राहत होती, एकाने तर हातही जोडले. जहाजवाले घाबरून गेले. त्यांना वाटलं हा काहीतरी नवा डाव आहे. रात्रभर बसून त्या डावाला उत्तर शोधत होते.

चौथ्या दिवशी मी नेहमीसारखा पातेली घेऊन फोर्टात गेलो. ही खानावळीतलं आटपून सकाळीच लालबागला गेली. मला वाटलं गुडघा दुखत असेल. बाईने घरी जाऊन पिठलं केलं, भात केला आणि डबा घेऊन परळला त्या चाळीत गेली. आमच्याकडे हे विचारून करायचं काम नाही. ज्या घरात माणूस गेलं तिथे चूल पेटत नाही, मग ओळखीपाळखीच्यांनी पिठलं-भात नेऊन द्यायचा. सगळ्या परळ-लालबागला ठाऊक असतं की दारात कोणी बाई पडलेल्या चेहऱ्याने पिठलं-भात घेऊन उभी राहिली तर त्याचा अर्थ काय.

पुढचं मला हिने सांगितलं, आणि दर वेळी सांगताना ती थोडं थोडं वाढवते, म्हणून मी सगळ्यात पहिलं सांगितलेलं लिहितो.

दार एका म्हाताऱ्या बाईने उघडलं. हातात उलथनं, आतून मासे तळल्याचा वास. हिला वाटलं, काय घर आहे, सुतकात मासे! पण चेहरा पाडून म्हणाली, “फार वाईट झालं हो. कधी गेल्या त्या?”

“कोण गेल्या?”

“आई. इंजिनीयर साहेबांच्या आई.”

“मीच त्याची आवस,” म्हातारी म्हणाली. “मी खंय जाऊक? हय उभी आसय तुझ्या समोर.”

 म्हातारीने हिच्या हातातला डबा बघितला. झाकण उचललं. पिठलं. उलथनं तिच्या हातातून खाली पडलं.

“माझ्या झिलाक काय झाला?”

कारण त्या शहाण्या मुलाने फोर्टातल्या हॉटेलात राहून आईला सांगितलं होतं की मी जहाजावर चाललोय. केस, कोर्ट असले शब्द ऐकून म्हातारी घाबरेल म्हणून. आणि तीन दिवस फोन बंद. मुलगा समुद्रात, फोन लागत नाही, आणि दारात अनोळखी बाई पिठलं-भात घेऊन उभी. मी कितीही चेष्टेने लिहीत असलो तरी त्या घटकेचं मला हसू येत नाही. हिलाही येत नाही. ती तिथे उंबऱ्यावरच बसली आणि म्हातारीचे हात धरून म्हणाली, “नाही हो, नाही. धडधाकट आहे. फोर्टात आहे. आमचे हे त्याला रोज वाढतात.”

“खोटा सांगतंस.”

“देवाशपथ.”

“माका दाखव,” म्हातारी म्हणाली.

मी जेवणाच्या खोलीत पानं मांडत होतो. बाहेर आवाज झाला. दालनाच्या दारावरचा शिपाई म्हणत होता, “आजी, आत जायचं नाही, आत काम चालू आहे.” पाठोपाठ हिचा आवाज, “अहो बाजूला व्हा, आई आहे ती.” मी बाहेर येईपर्यंत म्हातारी शिपायाच्या काखेखालून आत गेली होती.

मी दारात पोहोचलो. समोर तीन निवृत्त न्यायमूर्ती, मधले अध्यक्ष. खुर्चीत इंजिनीयर. म्हातारी सरळ त्याच्यापाशी गेली, त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं, दाढीवरून हात फिरवला आणि कानाशी लागून काहीतरी म्हणाली. इंजिनीयर लहान मुलासारखा रडायला लागला.

मोठे वकील उभे राहिले. इंग्रजीतच कडाडले, पण त्यातला अर्थ कळायला शाळा लागत नव्हती. पोरगी धावत माझ्याजवळ आली, चेहरा पांढरा. “काका, गेलं सगळं. ते म्हणतायत उलटतपासणी चालू असताना साक्षीदाराच्या कानात बाहेरचं माणूस बोललं. साक्ष बाद करा म्हणतायत. आणि ही बाई कोण?”

“त्याची आई.”

“आई? पण आई गेली ना? सकाळपासून सगळे तेच बोलतायत, जेवणवाल्या काकांनी सांगितलं म्हणून. पण ती गेली हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

 मोठे वकीलही तोवर तेच विचारायला लागले होते. त्यांनी हात माझ्याकडे केला. आता ते मराठीत आले होते, रागावल्यावर माणूस आपल्या गल्लीत येतोच. “अध्यक्ष महोदय, मला सांगण्यात आलं की साक्षीदाराच्या आईचं निधन झालं. मी माणुसकीने प्रश्न सौम्य केले. आणि ही आई! जिवंत! हे सहानुभूतीसाठी रचलेलं नाटक आहे. वर तिने त्याच्या कानात काय सांगितलं देव जाणे.”

अध्यक्ष मराठी होते. चष्म्यावरून बघत म्हणाले, “तुम्ही कोण?”

“जेवण माझ्याकडचं असतं, साहेब.”

“तुम्हाला कोणी सांगितलं की ह्यांची आई वारली?”

“कोणी नाही.”

“मग?”

“मी बघितलं. साहेब, माणूस दाढी वाढवून बसतो. भिंतीकडे तोंड. त्याला कोणी शिवत नाही, कोणी बोलत नाही, हे आठ-दहा दिवस चालणार म्हणून सांगतात. तुम्ही आमच्या चाळीत एखाद्याला असं बसवून बघा. संध्याकाळच्या आत लोक बांबू आणायला जातील.”

डावीकडचे न्यायमूर्ती दक्षिणेतले होते, त्यांना कोणीतरी हळूच इंग्रजीत सांगितलं. त्यांनी तोंडाला रुमाल लावला.

“म्हणजे तुमची चूक झाली,” अध्यक्ष म्हणाले.

“माझी नाही. नियम तुमचा आहे. मी फक्त त्याला वरण-भात वाढला.”

हिने मागून माझा सदरा ओढला. मी सदरा सोडवून घेतला.

अध्यक्षांनी म्हातारीकडे बघितलं. “आजी, तुम्ही मुलाच्या कानात काय सांगितलंत? जसंच्या तसं सांगा. इथे सगळं लिहून घेतात.”

“लिहा,” म्हातारी म्हणाली. “मी म्हटलंय, माका सांगलंस जहाजार चाललंय म्हणान, आणि हय गाद्येच्या खुर्चेर बसलंस? खोटारड्या.”

टाइप करणाऱ्या मुलीचे हात थांबले. तिने अध्यक्षांकडे बघितलं. अध्यक्ष म्हणाले, “लिहा, लिहा. मालवणीतच लिहा.”

पण मोठे वकील तिथेच होते. शिकाऱ्याला सावज दिसावं तसे ते खुलले. “अध्यक्ष महोदय, हे तर आणखी बरं झालं. ह्या साक्षीदाराच्या तोंडच्या वाळूवर सगळी केस उभी आहे. आणि त्याची स्वतःची आई सांगतेय की तो खोटं बोलतो. जो आईशी खरं बोलत नाही तो ह्या लवादाशी काय खरं बोलणार?”

 पोरीने डोळे मिटले. इंजिनीयरने मान खाली घातली. म्हातारीला तेव्हा कळलं आपण काय केलं. तिने तोंडाला पदर लावला. मग पदर खाली केला आणि मोठ्या वकिलांसमोर गेली.

“आवस आसा तुमची?”

मोठे वकील गडबडले. “आहे. म्हणजे... हो.”

“तिका सगळा सांगतास?”

“हा प्रश्न इथे लागू होत नाही.”

“माका होय की नाय सांगा.”

आता मला एक गोष्ट सांगावी लागेल, जी तोवर मी कोणाला बोललो नव्हतो, हिलासुद्धा नाही. मोठ्या वकिलांच्या घरी कांदा-लसूणसुद्धा चालत नाही. आई नव्वदीची, देवपूजेत कडक. आणि हे साहेब पहिल्या दिवसापासून, सगळी माणसं उठून गेल्यावर, हळूच माझ्या पातेल्यापाशी येत. “काका, तो एक तुकडा उरलाय वाटतं?” उरलेला नसायचा. मी ठेवलेला असायचा. खाऊन झालं की बडीशेप मूठभर चावायचे आणि म्हणायचे, “घरी कळता कामा नये हं. आईला सांगितलंय की दुपारी फळं खातो.”

 माझ्या तोंडून एखाद्याच्या ताटातलं बाहेर जात नाही, धंद्याची लाज असते. मी फक्त एक पाऊल पुढे झालो आणि अदबीने विचारलं, “साहेब, आज सुरमई आहे. तुमच्यासाठी फळं आणू का?”

मोठ्या वकिलांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचे कान लाल झाले. आयुष्यात मी पुष्कळ मासे गळाला लागलेले बघितलेत, पण असा नाही.

“अध्यक्ष महोदय,” ते म्हणाले, आणि आवाज मीठ मागतानापेक्षाही खाली होता. “आईला काळजी वाटू नये म्हणून मुलगा काही गोष्टी... सांगत नाही. हे... मनुष्यस्वभावाला धरून आहे. तो मुद्दा मी मागे घेतो.”

“आणि कानात बोलल्याचा?”

त्यांनी म्हातारीकडे पाहिलं. ती अजून उत्तराची वाट बघत उभी होती. “तोही,” ते म्हणाले.

तिन्ही न्यायमूर्ती एकमेकांकडे वाकून कुजबुजले. मग अध्यक्षांनी सांगितलं की आई जे बोलली ते लिहून झालेलं आहे, त्यात तेलाचा किंवा वाळूचा काही संबंध नाही. साक्ष राहील. उलटतपासणी पुढे चालू. पोरीने माझा हात इतका घट्ट दाबला की अंगठी रुतली.

“आजी,” अध्यक्ष म्हणाले, “आता तुम्हाला बाहेर जावं लागेल. आणि हे संपेपर्यंत मुलाशी बोलायचं नाही.”

“नाय बोलणार,” म्हातारी म्हणाली. “पण ह्याका कायव जेवूक घालतत हय. बघा कसो सुकलोहा. मी डबो धाडलंय तर चलात?”

पुन्हा कुजबूज. मोठे वकील बसल्या बसल्याच म्हणाले, “डब्यात चिठ्ठी वगैरे नसावी, एवढंच.” अध्यक्षांनी हुकूम दिला: डबा येऊ शकतो, पण आणणाऱ्याने तो तपासून आणावा.

“कोण आणणार?” त्यांनी विचारलं.

दालनात सगळे माझ्याकडे बघायला लागले. तुम्हाला माझ्या खानावळीची शिस्त माहीत नाही. इतक्या वर्षांत मी दुसऱ्याच्या चुलीवरचं एक भांडं माझ्या पातेल्यांबरोबर नेलेलं नाही. पाहुणा घरून लोणचं आणतो तर मी त्याला बाहेर उभं राहून खायला लावतो. आणि ही म्हातारी चार माणसांत सांगून बसली होती की माझ्याकडे कायच्या काय घालतात. ती “कायव” म्हणाली तेव्हा मला लागलं होतं, वरण-भात मी सुतकाचा वाढत होतो, ते काही माझं खरं जेवण नव्हे. पण हे आता कोणाला समजावणार?

हिने मागून सदरा ओढला. ह्या वेळी मी तो सोडवला नाही.

“मी आणीन,” मी म्हटलं.

त्या दुपारी इंजिनीयरला मी सुरमई वाढली. भिंतीकडेच तोंड करून बसला होता, एकटाच, नियमाप्रमाणे. पण पाठीवरून कळत होतं माणूस खुशीत आहे. मोठे वकील शेवटी माझ्याजवळ आले. मी ठेवलेला तुकडा दिला. त्यांनी खाल्ला. बडीशेप घेताना एवढंच म्हणाले, “तुम्ही वकील व्हायला हवं होतं.”

“मास्तरांनी होऊ दिलं नाही,” मी म्हटलं.

संध्याकाळी हिला मी विचारलं, “तुला कोणी सांगितलं होतं पिठलं न्यायला?”

“तुम्हाला कोणी सांगितलं होतं ती गेली म्हणून?”

त्यानंतर आमचंही उलटतपासणीतल्यासारखं झालं. झोपेपर्यंत कोणी कोणाशी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून परळला गेलो. तीन मजले चढलो. म्हातारीने दार उघडलं, मला वरून खाली बघितलं, बस म्हणाली नाही, पाणी दिलं नाही, कपड्यात बांधलेला डबा हातात ठेवला. “सांडू नको,” म्हणाली आणि दार लावलं. मी टॅक्सी केली. भायखळ्याच्या पुलाखाली टॅक्सी सिग्नलला अडकली तेव्हा कपडा सोडला आणि झाकण उघडलं. चिठ्ठी नव्हती. बांगड्याचं तिखलं होतं, तिरफळ घातलेलं दाट कालवण. लवादाचा हुकूम होता म्हणून मी ते नीट तपासलं. पहिल्या तुकड्यावरून नक्की कळेना, म्हणून दुसराही तपासला.